नटाची तालीम आणि तिचीं साधनें
(जिंतूर प्रांताच्या निमित्तानें)

परभणी जिल्ह्यांतील जिंतूर हें गांव संशोधकांस ठाऊक आहे तें मुख्यत्वें नेमगिरीच्या जैन लेण्यांमुळें. त्याच तालुक्यांतील चारठाण्याचीं जुनीं मंदिरें पाहण्यासही अभ्यासक जातात. शिलालेख, मूर्ति व पोथ्या यांच्या शोधार्थ तिकडे जाणाऱ्यांनीं आणखी एका साधनाकडे लक्ष पुरवावें, एवढ्यासाठीं हा लेख आहे. तें साधन म्हणजे नटांच्या शिक्षणाचे कागद. मराठी नट पद्धतशीर शिकूं लागला तो १९५९-६० नंतर विद्यालयें निघाल्यावर. तत्पूर्वीं तो उपजत गुणावरच उभा होता, असा एक समज रूढ आहे. तो आम्हांस मान्य नाहीं. विद्यालयांपूर्वींही शिक्षण होतें, त्यास क्रम होता व गुरु होते. आणि त्याचा लेखी पुरावा कोठें शोधावा हेंही सांगतां येतें.

१. या प्रांतांतील जुनी शाळा म्हणजे कीर्तन, भारूड व गोंधळ. गोंधळांत संबळ, तुणतुणें व दिवटी यांच्या साथीनें नायक आख्यान लावतो, आणि साथीदार मध्येंच प्रश्न टाकून त्यास थांबवितो, चिडवितो, पुढें ढकलतो. घरचा मुलगा साथीस उभा राहूनच हें सारें शिकतो. आवाजाची फेक, हजरजबाबीपणा, एकाच मनुष्यानें अनेक पात्रें उभीं करणें, हे नटाचे तिन्ही मूळ गुण येथें वंशपरंपरेनें दिले जातात. परभणीचे गोंधळमहर्षि राजारामबापू कदम हे या परंपरेचे ख्यातनाम प्रतिनिधि होत. हा प्रदेश १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामी अमलांत होता, आणि १९१८ सालीं निघालेल्या उस्मानिया विद्यापीठाचें शिक्षण उर्दूंतून चाले, हें ध्यानांत घेतलें म्हणजे या लोकशाळेचें मोल कळतें. मराठी वाणीचा संस्कार तेथें शाळेपेक्षां देवळाच्या ओवरीवर व अंगणांतच अधिक झाला.

२. पश्चिमेकडे सांगलीस विष्णुदास भावे यांनीं १८४३ सालीं 'सीतास्वयंवर' रंगभूमीवर आणलें. पदें सूत्रधारानें म्हणावीं व पात्रांनीं प्रसंगोचित भाषण आयत्या वेळीं करावें, अशी त्या नाटकांची रीत होती. म्हणून त्या काळच्या नटास पाठ करण्याजोगा लेख फारसा नव्हता. त्याची तालीम अंगाची व आवाजाची. पुढें विनायक जनार्दन कीर्तने यांच्या 'थोरले माधवराव पेशवे' (१८६१) सारखीं 'बुकिश' नाटकें आलीं, आणि नटाच्या हातीं कागद आला. प्रत्येक पात्राचीं भाषणें स्वतंत्र उतरून दिलेली वही, तीच 'नक्कल'. आमच्या मतें मराठी नटशिक्षणाच्या लेखी इतिहासाचा आरंभ येथून धरावा.

३. या शिक्षणास पूर्ण रूप आलें तें संगीत मंडळ्यांत. अण्णासाहेब किर्लोस्करांचें 'शाकुंतल' ३१ ऑक्टोबर १८८० रोजीं पुण्यास झालें. त्यांचे शिष्य गोविंद बल्लाळ देवळ (१८५५-१९१६) हे नाटककार म्हणून प्रसिद्ध आहेत. परंतु त्यांचें तितकेंच मोठें काम तालीममास्तराचें. १९०५ सालीं किर्लोस्कर मंडळींत आलेल्या नारायणराव राजहंस ऊर्फ बालगंधर्व यांस अभिनयाचे धडे देवळांनीं दिले, व गायनाची तालीम भास्करबुवा बखले यांनीं दिली. म्हणजे वाचिक व आंगिक अभिनयास एक गुरु आणि गळ्यास दुसरा, अशी कामाची वांटणी झालेली होती. याच भास्करबुवांनीं १९११ सालीं पुण्यास किर्लोस्कर भारत गायन समाज स्थापिला. मंडळींतील गायनशिक्षण मंडळीबाहेर पडून संस्थारूप पावल्याचें हें एक ठळक उदाहरण होय.

या पद्धतीची दुसरी बाजूही नोंदली पाहिजे. मंडळींत मुलगा येई तो कोंवळ्या वयांत. बिऱ्हाडीं राहणें, पंगतींत जेवणें, आज या गांवीं तर उद्यां त्या. शालेय शिक्षण तेथेंच संपे. आवाज फुटला म्हणजे गायक मुलाचें स्थान डळमळे. स्वतः भास्करबुवा लहानपणीं किर्लोस्कर मंडळींत गात असत. आवाज फुटल्यावर तें काम सुटलें, आणि नव्यानें गायनविद्या मिळविण्यास त्यांस गुरूंचीं दारें धुंडाळावीं लागलीं. त्यांच्या अंगीं तो निश्चय होता. ज्यांच्या अंगीं तो नव्हता अशा मुलांचीं नांवें इतिहासांत आलीं नाहींत. आलींच तर तीं मंडळ्यांच्या हिशेबवह्यांतूनच येणार.

४. चित्रपटानें या शिक्षणाचा क्रम उलटा केला. दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजीं मुंबईस दाखविला गेला. त्यांत तारामतीचें काम अण्णा साळुंके या पुरुषानें केलें. मूकपटांत वाणी निरुपयोगी ठरून चेहरा व हालचाल यांसच महत्त्व आलें. पुढें 'प्रभात'च्या 'अयोध्येचा राजा' (१९३२) पासून वाणी परत आली. पण ती शेवटच्या रांगेपर्यंत पोंचविण्याची नव्हे, जवळच्या यंत्राशीं बोलण्याची. १९३३ सालीं 'नाट्यमन्वंतर' संस्थेनें 'आंधळ्यांची शाळा' करून रंगभूमीवरही असाच संयत अभिनय आणला. त्या संस्थेंतील के. नारायण काळे यांनीं 'प्रभात'साठीं चित्रपट दिग्दर्शित केले, आणि पुढें रशियन नाट्याचार्य स्तानिस्लावस्की यांचे अभिनयग्रंथ मराठींत आणले. जुन्या तालमींतून नव्या अभ्यासक्रमाकडे जाणारा पूल काळ्यांच्या कार्यांत दिसतो.

५. १९५९ सालीं दिल्लीस राष्ट्रीय नाट्य विद्यालय निघालें. १९६० सालीं पुण्यास सरकारी चित्रपट शिक्षणसंस्था निघाली, ती 'प्रभात'च्याच जागेंत. मराठवाड्यांत, १९५८ सालीं स्थापन झालेल्या विद्यापीठांत नाट्यशास्त्राचा विभाग कमलाकर सोनटक्के यांच्या हातून उभा राहिला, आणि जिंतूर-परभणीकडील तरुणास आपल्याच भागांत व आपल्याच भाषेंत हें शिक्षण मिळण्याची सोय झाली. बीड जिल्ह्यांतून आलेले वामन केंद्रे २०१३ सालीं राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचे संचालक झाले, यावरून या प्रदेशाची मजल ध्यानीं येईल. विद्यालयांनीं जात, कुल व लिंग यांची अट काढून दार उघडें केलें, हा त्यांचा निर्विवाद लाभ. परंतु त्यांनीं शून्यांतून आरंभ केला असें म्हणणें म्हणजे देवळांचें व गोंधळ्यांचें ऋण नाकारणें होय.

६. आतां संग्राहकांस चार शब्द. छापील नाटक सर्वत्र मिळतें. तें नाटककाराचा पुरावा आहे. नटाच्या शिक्षणाचा पुरावा नक्कलेंत असतो. कोणत्या शब्दावर थांबावें, कोठें पद गाळावें, कोठून कोठें जावें, या पेन्सिलीच्या खुणा म्हणजेच तालीम. तेव्हां नक्कल, पदांची वही, हस्तपत्रिका, हिशेबाची वही व गोंधळ्यांच्या घरचीं आख्यानांचीं बाडें, हीं पांचही साधनें पोथीइतक्याच आदरानें मिळवावीं. खुणा पुसूं नयेत, वहीचीं पानें सुटीं करूं नयेत, आणि ती कोणाच्या घरीं, कोणत्या गांवीं मिळाली तें त्याच दिवशीं लिहून ठेवावें. निजामी अमलाखालील गांवांत मोडी व बाळबोध कागदांबरोबर उर्दू कागदही पहावे; कारण तेथील सरकारी दप्तराची भाषा ती होती. जुनी पेटी उघडल्यावर पोथी तेवढी उचलून खालची मळकी वही रद्दींत जाऊं देणें, हा आपल्या संग्राहकवर्गाचा नित्याचा प्रघात आहे. तो मोडेल तर या विषयाचा खरा इतिहास लिहितां येईल.