वसईचे खाजण

आम्हां ग्वाल्हेरकरांना समुद्र म्हणजे सुट्टीतली सहल. तरीही थाटीपुरातल्या मराठी घरांचा एक धागा थेट वसईच्या खाडीपाशी जातो. १७३९ साली चिमाजी अप्पांबरोबर वसईच्या मोहिमेत राणोजी शिंदे होते. ग्वाल्हेरच्या शिंदे घराण्याचे ते मूळपुरुष.

१५३४ पासून वसई पोर्तुगीजांकडे होती. किल्ल्याच्या तीन बाजूंना समुद्र, खाडी आणि दलदल. घाटावरच्या घोड्यांचे तेथे काय चालणार? शेवटी जमिनीच्या बाजूने मोर्चे बांधून तटाला सुरुंग लावावे लागले. मे महिन्यात किल्ला शरण आला. तिथल्या चर्चच्या घंटांपैकी एक भीमाशंकरी टांगली आहे, असे सांगतात.

वाचकहो, घंटा आपण जपली; खाजण मात्र पडीक मानले. भरतीचे आणि पावसाचे पाणी पोटात घेणारी जागा तीच. तिवरांची मुळे किनारा धरून ठेवतात, मिठागरे पाणी पसरू देतात. त्यांवर भराव पडले, की पाणी घरांकडे वळते. जुलै २०१८ मध्ये वसई-विरारच्या वस्त्या कित्येक दिवस पाण्यात होत्या.

वसईचा विजय आपण मुलांना अभिमानाने सांगतो. ज्या चिखलाने आपल्या फौजेला महिनोन्‌महिने अडवले, तोच आज गावाचा तट आहे, हेही सांगावयास हवे.