बंगळूरची शाळा, देवळालीचा खटला

बंगळूरला बदलून आलेले मराठी अधिकारी हमखास विचारतात, "मुलाला ब्रिटिश वळणाच्या शाळेत घालावे काय? आणि वसतिगृहात ठेवावे काय?" या प्रश्नामागे मोठा प्रशासकीय इतिहास आहे.

येथील बिशप कॉटन शाळा १८६५ ची. ज्यांचे नाव तिला आहे ते कॉटन पूर्वी इंग्लंडच्या रग्बी शाळेत थॉमस आर्नोल्ड यांच्या हाताखाली शिक्षक होते. स्वातंत्र्यानंतर राज्यघटनेच्या अनुच्छेद ३३७ ने अँग्लो-इंडियन शाळांना दहा वर्षे अनुदान दिले. अट ही, की किमान ४० टक्के प्रवेश इतरांस खुले असावेत. तरीही १९५४ साली मुंबई सरकारने इंग्रजी माध्यमाच्या शाळांत इतर भारतीय मुलांना नव्याने प्रवेश देण्यास मनाई केली. देवळालीच्या बार्न्स हायस्कूलच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी तो आदेश रद्दबातल ठरविला. भारतीय भाषांच्या प्रसाराचा हेतू स्तुत्य, परंतु त्यासाठी प्रवेश नाकारता येत नाही, असा निवाड्याचा आशय होता.

शासनाला जे ठरविता आले नाही, ते तेव्हापासून पालकांनी ठरवायचे आहे. शुल्काची पावती मिळते. घरातून उणी होणाऱ्या मराठीची मिळत नाही. म्हणून शाळा कोणतीही निवडा, पण शक्यतो मूल संध्याकाळी घरी येईल अशी निवडा, असे मी सांगतो.