उभी तार, आडवी तार

रेडिओलहरीतील विद्युत क्षेत्राची दिशा म्हणजे तिचे ध्रुवण. १८८८ मध्ये हाइनरिख हर्ट्‌झ यांनी समांतर तारांच्या जाळीने ते दाखवून दिले. रेडिओ-संदेशवहनाचे प्रवर्तक मार्कोनी यांनी जमिनीशी जोडलेली उभी तार वापरली; दीर्घ लहरी उभ्या ध्रुवणातच जमिनीलगत दूरवर पोचतात. १९२० च्या दशकात हौशी रेडिओचालक लघुलहरींकडे वळले आणि आडव्या तारेचा अँटेना, म्हणजे डायपोल, रुळला. वातावरणाच्या वरच्या थरातून, आयनांबरातून, परतताना लघुलहरीचे ध्रुवण बदलते, त्यामुळे लघुलहरींवर उभे-आडवे दोन्ही प्रकारचे अँटेना चालतात. दोन मीटर तरंगलांबीच्या हौशी पट्ट्यावर थेट संपर्कासाठी मात्र दोन्ही टोकांच्या ध्रुवणाची जुळणी हवी; अँटेना विजोड असल्यास संकेत सुमारे २० डेसिबलने घटू शकतो. मोटारीच्या टपावर उभा अँटेना सोयीचा, म्हणून एफएम आणि रिपीटरसाठी (संकेत पुन्हा प्रक्षेपित करणाऱ्या केंद्रांसाठी) उभे ध्रुवण रूढ झाले. दूरच्या एसएसबी (सिंगल साइडबँड) संपर्कांसाठी मात्र आडवा, दिशादर्शी यागी अँटेना टिकून राहिला.