तुमच्यात खण चालतो?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

माझी मुलगी एका कार्यालयात नोकरी करते. मागच्या वर्षी एका सकाळी ती आंजिरी रंगाच्या खणाचा कुर्ता घालून कामाला गेली. सण नव्हता, समारंभ नव्हता, साधा मंगळवार होता. जेवणाच्या सुट्टीत एका सहकारी बाईंनी कौतुकानं कापडाला हात लावला आणि विचारलं, "अगं, किती छान! पण तुमच्यात खण चालतो?"

विचारणाऱ्याच्या मनात काही वाईट नव्हतं, हे मुलीनंच मला सांगितलं. पण ती घरी आली तेव्हा जरा गप्प होती. मला म्हणाली, "अब्बा, काय सांगायचं असतं अशा वेळी?" मला पटकन उत्तर सुचलं नाही. आज हा विषय घेतला तो त्या उत्तरासाठी.

आधी खण म्हणजे काय ते पाहू. मराठीत हा शब्द मोठा गमतीचा आहे. कपाटाला खण असतात, वाड्यात दोन तुळयांमधल्या जागेला खण म्हणतात, आणि एका चोळीपुरत्या कापडालाही खणच. कवी माणसाला वाटतं की तिन्हींत काहीतरी नातं असावं. एका बाईपुरती, तिच्या एकटीची जागा. भाषाशास्त्रज्ञांनी ते मान्य करावं असा माझा आग्रह नाही.

हे कापड विणलं जातं ते कर्नाटकात. बदामीच्या लेण्यांना जाणाऱ्या मंडळींनी थोडी वाट वाकडी केली तर गुळेदगुड्ड हे गाव लागतं. खणांचं माहेर ते. रेशीम आणि सूत एकत्र विणायचं, दोन्ही बाजूंना काठ ठेवायचे आणि मधल्या अंगात बारीक नक्षी उठवायची, ही त्याची रीत. नक्षीला नावं आहेत. तेरू म्हणजे रथ, आनेहेज्जे म्हणजे हत्तीचं पाऊल, तेनी म्हणजे धान्याचं कणीस. उभा धागा एका रंगाचा आणि आडवा दुसऱ्या रंगाचा असला की कापड हलवताना रंग बदलतो. आमच्याकडे त्याला धूपछाव म्हणत. डाळिंबी, मोरपंखी, चिंतामणी, गुलबक्षी हे रंग ज्यांनी दुकानात समोर पसरलेले पाहिलेत, त्यांना मी काय सांगतोय ते कळेल.

विणणारे कानडी आणि नेसणाऱ्या, म्हणजे घालणाऱ्या, मोठ्या संख्येनं मराठी. पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर, सोलापूर इथले बाजार या मालाची गिऱ्हाइकं. त्यात तेव्हा कुणाला काही वेगळं वाटायचं कारणही नव्हतं. विजापूर जिल्हा जुन्या मुंबई राज्यातच होता. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली आणि तो म्हैसूर राज्यात गेला. पुढे १९९७ मध्ये त्यातून बागलकोट जिल्हा निघाला. दोन राज्यांचा सीमेचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. खणांचे गठ्ठे मात्र इकडून तिकडे न विचारता येत राहिले. जवळच्याच इलकलचं लुगडं, ज्याला आपण इरकल म्हणतो, आणि गुळेदगुड्डचा खण ही जोडी दोन्ही बाजूंच्या बायकांनी आपली मानली. उत्तर कर्नाटकात चोळीला कुबसा म्हणतात, आणि गर्भारशीला नवी चोळी देण्याच्या सोहळ्यालाही कुबसाच म्हणतात. आपल्याकडे साडीचोळी करणं, लेकीच्या चोळीबांगडीसाठी जमीन लावून देणं, हे शब्दप्रयोग उगाच आले नाहीत.

आता माझ्या घरची गोष्ट सांगतो, कारण ती या इतिहासातलीच आहे. माझे आजोबा सांगली जिल्ह्यातल्या एका गावात शिंपीकाम करायचे. बाजाराच्या दिवशी ओसरीवर मशीन मांडून बसत. बायका माप द्यायला उभ्या राहत नसत. जुनी चोळी आणून टाकत, 'मापाची चोळी' म्हणून, आणि वर नवा खण. आजोबा त्या त्रिकोणी घडीचं एक टोक धरून झटका देत आणि अख्खा खण हवेत उलगडे. मला ते पाहायला फार आवडे.

त्या चोळीचं शिवणकाम नीट समजून घेण्यासारखं आहे. खणाचा पन्हा अरुंद. त्यातून पाठ, पुढचे भाग, बाह्या असं सगळं बसवायचं, आणि काठ असा फिरवायचा की तो बाहीच्या टोकाला आणि खालच्या कडेला येईल. काखेत एक लहान तुकडा जोडायचा, म्हणजे हात वर गेला तरी शिवण उसवत नाही. चिंधी म्हणावी असं जवळजवळ काही उरत नसे. बटण नाही, हूक नाही, पुढे गाठ. बाई जाडी झाली, बारीक झाली, पोटुशी राहिली, अंगावर पाजू लागली, तरी तीच चोळी गाठ सैल-घट्ट करून चालायची. आज दुकानात 'पारंपरिक सणासुदीचा पोशाख' म्हणून जे मांडलेलं असतं, ते मुळात जात्यावर आणि भांगलणीला घालायचं कापड होतं. नवा खण सणाला निघे हे खरं, पण पुढची चारपाच वर्षं तो रोज राबे.

माझी दादी आयुष्यभर लुगडं नेसली आणि खणाची चोळी घालत आली. आमच्या भागातल्या तिच्या वयाच्या सगळ्या मुसलमान बायका हेच घालत. घरात आम्ही दखनी बोलायचो, दादी नमाज पढायची, रोजे करायची, आणि तिच्या पेटीत निम्म्याहून अधिक खण शेजारपाजारच्या घरांतून आलेले असायचे. शेजारी लग्न झालं, बारसं झालं की त्या घरची काकू दादीला बोलवायची. कुंकवाची बोटं दादीच्या कपाळाकडे न्यायची नाहीत, एवढं दोघींना न बोलता माहीत होतं. ओटीत खण, नारळ, मूठभर तांदूळ. ईदला आमच्या घरचा शिरखुर्मा तिकडे जायचा. याला आम्ही तेव्हा काही मोठं नाव दिलं नव्हतं.

रेशीम आणि सूत एकत्र विणण्याची कला मुसलमानांच्या घरात तशीही अनोळखी नाही. पुरुषानं निव्वळ रेशीम अंगाला लावू नये, असा धर्माचा दंडक. त्यावर विणकरांनी वाट काढली. कापडाचं तोंड रेशमाचं, अंगाला लागणारी बाजू सुताची. त्याचं नाव मश्रू, अरबीत त्याचा अर्थ 'धर्माला मान्य'. छत्रपती संभाजीनगरचा, म्हणजे जुन्या औरंगाबादचा, हिमरू त्याच गोतावळ्यातला. खणाचा त्या दंडकाशी संबंध नाही, पण मिश्र धाग्याचं हे सगळं कूळ दख्खनचं आहे, एवढं म्हणायला हरकत नसावी.

मग खण मागे का पडला? एक कारण सगळे सांगतात, ते म्हणजे ब्लाउज. एकोणिसाव्या शतकात साडीखालच्या कपड्याचं रूप बदलायला लागलं. सत्येंद्रनाथ टागोर हे सनदी सेवेतले पहिले हिंदी अधिकारी. त्यांची पत्नी ज्ञानदानंदिनीदेवी त्यांच्याबरोबर मुंबई इलाख्यात आल्या, पारशी बायकांची साडी नेसण्याची पद्धत त्यांनी पाहिली आणि साडी-जाकिटाची नवी रीत बंगालमध्ये नेली. आपल्याकडे झंपर आला. तो इंग्रजी जंपर. मग हूक आले आणि गाठ गेली. पण माझ्या मते खणाला खरा धक्का दिला तो मॅचिंग सेंटरनं. खणाचा नियमच असा की चोळी लुगड्याच्या रंगाची असता कामा नये. हिरव्या लुगड्यावर डाळिंबी, काळ्या चंद्रकळेवर पिवळा. एक खण चार लुगड्यांवर चाले. पाचवारी आली, मागोमाग टू बाय टू रुबिया आलं, आणि प्रत्येक साडीला त्याच छटेचा ब्लाउज हवा असा दंडक शहरातून गावात उतरला. साडी घेऊन मॅचिंग सेंटरात जायचं आणि दारात उजेडाला धरून रंग जुळवायचा. खण जुळेना. तो ओटीत उरला. त्यातही शिवून घालण्यासाठी नव्हे, तर एकीनं दुसरीला आणि दुसरीनं तिसरीला देण्यासाठी.

आमच्या घरात आणखी एक बदल झाला. आई पाचवारी साडीवर आली, माझ्या बहिणी पंजाबी ड्रेसवर, आणि पुढच्या सुनांपैकी काहींनी बुरखा घेतला. दादी १९९१ मध्ये गेली. त्यानंतर आमच्या घरी खण आला नाही. कुणी ठरवून बंद केलं असं मी म्हणणार नाही. पुढची दोन वर्षं देशात जी गेली ती गेली. गावात काही झालं नाही, पण बोलावणी कमी झाली. काकूही थकली होती. कोणता धागा आधी तुटला हे मला आज सांगता येत नाही.

गेल्या दहा-बारा वर्षांत खण परत आला आणि मोठ्या थाटात आला. यंत्रमागावर साडीच्या पन्ह्याचा खण निघू लागला; साड्या, कुर्ते, पिशव्या, आकाशकंदील, २०२० च्या साथीत तोंडावरचे मास्कसुद्धा. यातला पुष्कळ माल कृत्रिम धाग्याचा असतो. स्वस्त आहे, मुलींना परवडतो, त्याला नाक मुरडण्यात अर्थ नाही. मात्र विणकराच्या हातचा खण आणि हा यांत फरक आहे, तो घाम आला की कळतो.

माझ्या मुलीनं स्वतःच काही आडाखे बांधलेत, ते सांगतो. डोक्यापासून पायापर्यंत खण घातला की आरशात कंदील दिसतो, असं तिचं म्हणणं. म्हणून खण एकाच जागी. साध्या सुती साडीवर खणाचा ब्लाउज, तोही वेगळ्या रंगाचा. नाहीतर सुती कुर्त्याला फक्त खणाचा गळा आणि बाहीला काठ. खाली जीन्स चालते, तिला तरी चालते. धुताना पहिल्यांदा वेगळा, गार पाण्यात. पिळायचा नाही, सावलीत वाळवायचा. दादीला हे कुणी शिकवलं नव्हतं, पण तिचीही रीत थोडीफार हीच.

सहकारी बाईंना काय सांगायचं, यावर आम्ही बापलेक बरंच बोललो. शेवटी तिनं काहीच सांगितलं नाही. एक दिवस दादीची जुनी चोळी डब्याच्या पिशवीत घालून घेऊन गेली आणि जेवणानंतर त्यांच्यापुढे ठेवली. बाईंनी ती उलटसुलट पाहिली, काखेतल्या तुकड्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "माझ्या आजीची अश्शीच होती."

त्याच चोळीच्या मापावर मुलीला एक शिवून हवी होती. आमच्या शिंप्यानं बेत नीट कळावा म्हणून तिची एक बाजू उसवली. बाहेरून विटून मातकट झालेला खण शिवणीच्या आत गर्द आंजिरी होता. मग मुलीनं गुळेदगुड्डहून हातमागाचा खण मागवला. तो आला त्रिकोणी घडीत. ती घडी हातात घेऊन कुठलं टोक धरायचं ते शोधत बसली. मी म्हटलं, आण इकडे.