सीलबंद क्वार्टर आणि मिसळलेला ग्लास : खान्देशातील परमिट रूमच्या ग्राहकानुभवाचे विवेचन

जळगाव किंवा धुळ्याच्या परमिट रूममध्ये संध्याकाळी एक छोटासा विधी टेबलाटेबलावर पार पडतो. वेटर क्वार्टर घेऊन येतो, बाटलीवरचे नाव गिऱ्हाइकाला दिसेल अशी धरतो, झाकण पिळून सील तोडतो आणि मग ओततो. सील तुटल्याचा आवाज ऐकू आला की टेबलावरची माणसे निवांत होतात. क्वचित बाटली उघडूनच आली, तर नेहमीचे गिऱ्हाईक ‘भो, दुसरी आण, इथंच फोड’ असे सांगून ती परत पाठवते. या विधीत चव किंवा नशेपेक्षा खात्री महत्त्वाची असते. 180 मिलिलिटर म्हणजे 180 मिलिलिटरच, आणि कारखान्यात भरले तेच आत आहे, ही ती खात्री.

कॉकटेल नेमकी हीच खात्री काढून घेते. बाटली काउंटरमागे राहते, माप बारमनच्या हातात राहते आणि टेबलावर येतो तो रंगीत ग्लास. त्यात काय आणि किती आहे, हे डोळ्यांना कळत नाही. म्हणून या भागातल्या कॉकटेल बारचा अनुभव तपासताना पाककृती किती नव्या आहेत हा प्रश्न मी दुसऱ्या क्रमांकावर ठेवतो. सीलबंद बाटलीने दिलेला विश्वास बार कोणत्या मार्गाने भरून देतो, हा पहिला प्रश्न. पुढचे सारे विवेचन या प्रश्नाभोवती आहे.

विश्वासाची पूर्वपीठिका

‘परमिट रूम’ हा शब्दच मुळात दारूबंदीतून आला. 1949 च्या मुंबई दारूबंदी अधिनियमाने पिणे हा अपवाद ठरवला आणि तो अपवाद परवान्याने मिळू लागला. साठच्या दशकात बंदी सैल झाली, पण परवान्याची चौकट आजही कायम आहे. महाराष्ट्रात बिअर आणि वाइनसाठी 21 वर्षे, तर कडक मद्यासाठी 25 वर्षे पूर्ण असावी लागतात आणि पिणाऱ्याकडे परवाना असणे अपेक्षित असते. पिणे चोरून करण्याची गोष्ट आहे ही भावना या इतिहासाने खोलवर रुजवली. अंधारे दिवे, उंच पाठीच्या बैठका, दाराआधीची आडवी भिंत हे सारे तिचेच अवशेष. अंधार वाढला की माप दिसेनासे होते, आणि माप दिसेनासे झाले की संशय वाढतो.

त्यात भेसळीची भीती आहे. जून 2015 मध्ये मुंबईत मालवणीला विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे मेली. ती हातभट्टीची गोष्ट होती, परवानाधारक बारचा तिच्याशी संबंध नव्हता. पण अशा बातमीनंतर सामान्य माणूस असा फरक करत बसत नाही. तो सीलवर विश्वास ठेवतो, आणि त्यात तो चुकतो असे मला वाटत नाही.

सेवेच्या गुणवत्तेचा अभ्यास करणाऱ्या पारसुरामन, झाइथाम्ल आणि बेरी या त्रयीने 1988 मध्ये पाच कसोट्या मांडल्या : विश्वासार्हता, तत्परता, हमी, आपुलकी आणि दृश्य बाजू. त्यांच्या अभ्यासातही विश्वासार्हता सर्वांत जड ठरली. खान्देशात ती अधिकच जड आहे, कारण इथे इतर चार कसोट्या तिच्यातूनच फुटतात. वेटर धावत आला, पण त्याने पेग आडोशाला भरून आणला, तर तत्परतेचेच रूपांतर संशयात होते : एवढी घाई कशाला, असे वाटू लागते.

मापाचे गणित

स्मॉल 30 मिलिलिटर, लार्ज 60. म्हणजे क्वार्टरमध्ये तीन लार्ज. मापात प्रत्येक वेळी 10 मिलिलिटर कमी पडले, तर गिऱ्हाइकाचा सहावा हिस्सा गेला. बाटलीत हे लगेच कळते, कॉकटेलमध्ये कधीच कळत नाही. कारण साखर आणि लिंबू मद्याचा जळजळीत कडवटपणा झाकतात, आणि तेच तर त्यांचे काम आहे.

यावरचा उपाय साधा आहे. वैधमापन खात्याचा शिक्का असलेले माप गिऱ्हाइकाच्या नजरेसमोर वापरायचे. बारमनने पाठ फिरवून केलेले कॉकटेल आणि समोर माप भरून केलेले कॉकटेल चवीला एकच असले, तरी अनुभव म्हणून ते दोन वेगळे पदार्थ आहेत. कार्डावर नुसते मोहक नाव छापण्याऐवजी ‘रम 60 मिलि, लिंबू, गूळ’ असे लिहिले, तर निम्मे काम तिथेच होते.

उलट बाजूही मांडायला हवी. सील मापाची हमी देते, मद्याचे प्रमाण मात्र पिणाऱ्याच्या मनात स्पष्ट होईलच असे नाही. देशात बनणाऱ्या व्हिस्की-रमची तीव्रता साधारण 42.8 टक्के असते, म्हणजे लार्ज पेगमध्ये सुमारे 25.7 मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल. 650 मिलिलिटरच्या आठ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरमध्ये ते 52 मिलिलिटर होते, दोन लार्जइतके. ‘मी फक्त बिअर घेतो’ म्हणणाऱ्या कित्येकांना हे ठाऊक नसते. प्रमाण छापलेले कार्ड इथे बाटलीपेक्षाही प्रामाणिक ठरू शकते.

ऊन आणि बर्फ

मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा 45 अंशांपर्यंत जातो. अशा गावात कॉकटेलचे शास्त्र आधी बर्फाचे शास्त्र असते. एक ग्रॅम बर्फ वितळताना सुमारे 80 कॅलरी उष्णता शोषतो. ग्लासात 200 ग्रॅम द्रव 40 अंशांवर असेल आणि तो 5 अंशांवर आणायचा असेल, तर 80 ग्रॅमच्या आसपास बर्फ वितळावा लागतो. तेवढेच पाणी पेयात मिसळते. तोच द्रव फ्रिजमधून 10 अंशांवर आला, तर जेमतेम 12 ग्रॅम बर्फात काम भागते. म्हणजे वाफाळत्या दुपारभर क्रेटमध्ये उघड्यावर राहिलेली सोडा-बाटली हेच फिक्या कॉकटेलचे मूळ असते. गिऱ्हाईक म्हणते, ‘दारू कमी घातली’. दोष मात्र सोड्याच्या तापमानात असतो. बारमालकाने महागडा शेकर आणण्याआधी सोडा, लिंबाचा रस आणि ग्लास थंड ठेवण्याची सोय करावी. वीज गेल्यावर फ्रिज कशावर चालणार, याचाही विचार आधीच करावा.

थंडपणाचा चवीवर आणखी एक परिणाम असतो. गार पेयात गोडी कमी जाणवते. ग्लास कोमट होत गेला की तेच पेय गोड-गोड लागू लागते. म्हणून उन्हाळ्यात मोठ्या ग्लासापेक्षा छोटा ग्लास बरा, तो गार असतानाच संपतो.

काळा मसाला आणि मद्य

आता या विषयाचा सर्वांत श्रीमंत भाग. खान्देशी माणूस बारमध्ये जातो तेव्हा तो बहुधा जेवायलाच गेलेला असतो. आधी मसाला पापड, खारे शेंगदाणे, फुटाणे, काकडी, अंडा भुर्जी असा चखणा. मग शेवभाजी, काळ्या मसाल्यातले मटण किंवा फौजदारी डाळ, हिवाळ्यात भरीत. पेयाची निवड या ताटाच्या आधाराने व्हायला हवी, आणि इथेच परगावचे कार्ड जसेच्या तसे उचलणारे बार फसतात.

मिरचीतला कॅप्सेसिन हा घटक जिभेवरच्या उष्णता ओळखणाऱ्या एका संवेदकाला, टीआरपीव्ही-1 ला, जागा करतो. एरवी तो सुमारे 43 अंशांच्या वर चाळवला जातो. अल्कोहोल याच संवेदकाची उंबरठ्याची पातळी खाली आणते. म्हणजे तर्रीदार शेवभाजीचा घास आणि वर कच्च्या रमचा घोट यांत तिखट शमत नाही, भडकते. पाण्यानेही फारसे काही होत नाही, कारण कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही. ते स्निग्धात विरघळते, आणि दुधातले केसीन त्याला जिभेवरून सोडवून घेते. जेवणात ताक वाढणाऱ्या आयांना हे रेणू न पाहताच ठाऊक होते. साखरही आग कमी जाणवू देते. सोड्याचे बुडबुडे मात्र स्वतःच थोडे टोचतात.

यावरून खान्देशासाठी योग्य कॉकटेलचे गुण ठरवता येतात : मद्य सौम्य प्रमाणात, गारवा भरपूर, आंबट-गोड तोल, बुडबुडे कमी, आणि शक्य तिथे फळाचा गर. हे सारे इथे हाताशी आहे. रावेर, यावल, चोपड्याची केळी आहेत, आणि जळगावच्या केळीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. पाचोरा-भडगावच्या पट्ट्यात लिंबू-मोसंबीच्या बागा आहेत. जळगावातच केळी-आंब्याचा गर काढणारा मोठा प्रक्रिया उद्योग आहे. पिकल्या केळ्याचा गर, गडद रम, लिंबू आणि चिमूटभर सैंधव हे मिश्रण शेवभाजीशेजारी जसे बसते, तसे बाटलीतल्या निळ्या सिरपाचे पेय कधीच बसणार नाही. मीठ कडवटपणा दाबते, म्हणून ती चिमूट सोडू नये.

कॉकटेल ही बाहेरून आलेली चीज आहे, असा एक समज असतो. ‘कॉकटेल’ची छापील व्याख्या 1806 ची, न्यूयॉर्क राज्यातल्या हडसन गावातल्या एका वृत्तपत्रातली : मद्य, साखर, पाणी आणि कडू अर्क. पण तिच्या आधीचे ‘पंच’ हे पेय ईस्ट इंडिया कंपनीच्या माणसांच्या पत्रात 1632 मध्येच येते, आणि ते नाव आपल्या ‘पाच’ या संख्येवरून, म्हणजे मद्य, साखर, लिंबू, पाणी आणि मसाला या पाच वस्तूंवरून पडले, असे सामान्यतः मानतात. लिंबू-साखरेचा तोल आपल्याला कुणी नव्याने शिकवायला नको.

जाता जाता मोहाविषयी. सातपुड्याच्या पायथ्याला, शिरपूरच्या वर, पावरा आणि भिल्ल समाजात मोहाची दारू देवाला चढते, लग्नात वाढली जाते. या प्रदेशाचे सर्वांत जुने ऊर्ध्वपातन तेच. शेजारच्या मध्य प्रदेशात अलीराजपूरला ‘मोंड’ नावाने मोहाचे वारसा-मद्य तयार होऊ लागले आहे. जळगाव-धुळ्याच्या एकाही बारच्या कार्डावर मात्र मी मोहाचे नाव वाचलेले नाही. ज्यांच्या फुलांची ही दारू, त्यांना मोबदला आणि मान दोन्ही मिळणार असतील, तर ती उणीव भरून निघावी असे मला मनापासून वाटते.

स्वयंपाकघराचे घड्याळ

शेवभाजीत रस्सा आधी तयार असतो : भाजलेला कांदा, सुके खोबरे, लसूण, काळा मसाला. जाड शेव मात्र वाढताना टाकायची असते. आधी टाकली तर ती रस्सा पिऊन फुगते आणि ताटात लगदा येतो. बारमध्ये हे हमखास बिघडते, कारण पिणाऱ्या टेबलाला जेवणाची वेळ ठरवता येत नाही. ‘अजून एक राउंड’ होतो आणि भाजी काउंटरवर थांबते. जाणता वेटर इथे ओळखू येतो. तो शेवटचा पेग अर्धा झाल्यावर, ‘दादा, भाकरी टाकायला सांगू का?’ असे विचारतो. कळण्याची भाकरी तव्यावरून उतरताच यावी लागते, गार झाली की चिवट होते. या एका प्रश्नात तत्परता आणि आपुलकी दोन्ही आहेत.

खान्देशी गिऱ्हाईक तुलना कशाशी करते, हेही ध्यानात घ्यावे. त्याने शेतात पऱ्हाटीच्या जाळावर भाजलेल्या बामणोदच्या वांग्यांचे भरीत खाल्लेले असते, जिथे वाढणारा ‘पुरे’ ऐकून घेत नाही. त्यामुळे मोजून दिलेली चार चमचे भाजी त्याला महागाईपेक्षा अपमान म्हणून अधिक टोचते. मद्य मोजून आणि अन्न सढळ, हा इथला न लिहिलेला नियम आहे.

जागा

बहुतेक ठिकाणी ‘फॅमिली’ विभाग वेगळा असतो. त्याचा एक उघड अर्थ असा, की उरलेला बार फक्त पुरुषांचा. बायकोबरोबर किंवा बहिणीबरोबर जेवायला आलेल्या माणसाला जिन्याने वर पाठवतात आणि तिथे सेवा उशिरा पोचते. मैत्रिणींचे टेबल असेल तर नजराही सोसाव्या लागतात. कॉकटेल बारने हे बदलले तरच तो वेगळा बार. त्यासाठी पडदे वाढवण्याची गरज नाही. उजेड वाढवावा आणि स्वच्छतागृह नीट ठेवावे.

बिल आणि घरचा रस्ता

डॅनियल काहनेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 मध्ये दाखवले, की अनुभवाची आठवण त्याच्या सर्वांत तीव्र क्षणावर आणि शेवटावर ठरते. बारमध्ये शेवट म्हणजे बिल. मद्य जीएसटीबाहेर आहे, त्यावर राज्याचा व्हॅट लागतो, आणि परमिट रूममध्ये तो नोव्हेंबर 2023 पासून पाचाचा दहा टक्के झाला. जेवणावर जीएसटी वेगळा. जून 2025 मध्ये राज्याने देशी बनावटीच्या विदेशी मद्यावरचे उत्पादन शुल्क उत्पादन खर्चाच्या तिपटीवरून साडेचार पट केले. त्या वाढीविरुद्ध जुलैमध्ये बारमालकांनी एक दिवस बंदही पाळला. गिऱ्हाइकाला हा तपशील माहीत नसतो, त्याला फक्त गेल्या वेळेपेक्षा फुगलेला आकडा दिसतो. एसी आणि बिगर-एसी दालनांचे दर वेगळे असतील तर ते बसण्याआधी सांगावेत. मद्य आणि जेवण बिलात वेगळे दाखवावे. सेवा शुल्क ऐच्छिक आहे, ते गुपचूप जोडू नये.

त्यानंतर उरतो रस्ता. धुळे हे मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर या दोन महामार्गांच्या फुलीवर बसलेले गाव, आणि जळगावच्या मधूनच महामार्ग जातो. डिसेंबर 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महामार्गापासून 500 मीटरच्या आत दारूविक्रीला मनाई केली. पुढे छोट्या गावांसाठी ते अंतर 220 मीटर झाले आणि पालिका क्षेत्रांना सूट मिळाली. बार त्यामुळे गावात टिकले, पण गिऱ्हाइकाची मोटारसायकल अखेर त्याच रस्त्याला लागते. कायद्याची मर्यादा 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅम अल्कोहोलची आहे. सत्तर किलोच्या माणसाने रिकाम्या पोटी एक लार्ज घेतला, तरी ढोबळ हिशेबाने हा आकडा चाळीसच्या आसपास जातो. गोड कॉकटेलमध्ये तेवढेच मद्य असूनही ते जाणवत नाही, म्हणून ते देणाऱ्यावर जबाबदारी अधिक येते. गल्ल्यापाशी भरवशाच्या रिक्षावाल्यांचे नंबर लिहिलेला कागद लावून ठेवायचा, आणि बिल देताना वेटरने विचारायचे, ‘दादा, गाडी इथंच राहू द्या, रिक्षा बोलावू?’