खांबांवरील खुणा (क्रीडा)

मैदानी खेळांत खांबांवर रंगवलेले पट्टे व कडी, तसेच खांबाच्या पायथ्याशी जमिनीवर आखलेल्या रेषा. यांतील बहुतेक खुणा खेळाडूच्या व पंचाच्या नजरेसाठी असतात. त्यांना अन्य अर्थ चिकटल्याची उदाहरणे थोडी आहेत.

खो-खो. सातारा-सांगली पट्ट्यात, शिरवळपासून मिरजेपर्यंत, शाळेच्या मैदानावरचा खांब म्हणजे प्रथम खो-खोचा. म्हणून या खेळात गोल नसूनही त्याची नोंद येथे सविस्तर घेतली आहे. मधल्या पाटीच्या दोन्ही टोकांना एकेक लाकडी खांब असतो. उंची १२० ते १२५ सेंमी., व्यास ९ ते १० सेंमी. तो सर्व बाजूंनी गुळगुळीत हवा, कारण पाठलाग करणारा गडी त्याला हाताने धरून वळतो किंवा त्याच्या आधाराने अंग झोकून देतो. खुणा असतात त्या जमिनीवर, फक्कीने मारलेल्या. मधली पाटी ३० सेंमी. रुंद असून आडव्या पाट्या तिला छेदतात, तेथे आठ चौरस तयार होतात. दोन खांबांच्या दरम्यान आक्रमकाला मधली पाटी ओलांडता येत नाही आणि एकदा घेतलेली दिशाही बदलता येत नाही. खांबाची रेषा पार केली की दोन्ही बंधने सुटतात. त्यामुळे बचाव करणाऱ्याचा खरा कस खांबाजवळ लागतो. सामन्याच्या वृत्तांतांत याची दखल क्वचितच नीट घेतली जाते. नियम प्रथम बांधल्याचे श्रेय काही ठिकाणी पुण्याला (१९१४), तर पहिल्या छापील नियमांचे बडोद्याला (१९२४) दिले जाते.

हँडबॉल. गोल ३ मी. रुंद, २ मी. उंच. खांब ८ सेंमी. चौरस छेदाचे. त्यांवर दोन विरोधी रंगांचे, बहुधा लाल-पांढरे, २० सेंमी.चे पट्टे असतात. वरच्या कोपऱ्यांत, खांब व आडवी दांडी जुळतात तेथे, २८ सेंमी.चे. मागच्या पार्श्वभूमीत गोल हरवू नये हा हेतू.

फुटबॉल. खांब पांढरे, जाडी जास्तीत जास्त १२ सेंमी.; गोलरेषेची रुंदी तेवढीच. त्यांवर जाहिरात चालत नाही. अर्जेंटिनातील १९७८ च्या विश्वचषकात ब्यूनस आयर्सच्या मोन्युमेंतल मैदानावरील खांबांच्या तळाशी मात्र काळे पट्टे होते. अंतिम सामना २५ जून रोजी येथेच झाला. अर्जेंटिनाने नेदरलँड्सला ३-१ असे हरवले. त्या वेळी देशात १९७६ मध्ये सत्ता बळकावलेली लष्करी राजवट होती आणि तिने पळवून नेलेल्यांपैकी अनेकांना डांबलेले नौदलाचे आवार मैदानापासून फार लांब नव्हते. पुढे १९८४ च्या सरकारी चौकशी अहवालात ८,९६१ बेपत्तांची नोंद झाली. मानवी हक्क संघटना हा आकडा ३०,००० पर्यंत सांगतात. काळे पट्टे या बेपत्तांच्या दुखवट्याचे होते, दंडावर काळी फीत बांधावी तसे, असे मैदानाची देखभाल करणाऱ्याच्या हवाल्याने बऱ्याच वर्षांनी प्रसिद्ध झाले. भिस्त मुख्यतः त्या एका कथनावर असल्याने ते निर्णायक मानता येत नाही.

हॉकी. खांब पांढरे, दर्शनी रुंदी ५ सेंमी.; गोलाच्या आतील फळ्या गडद रंगाच्या.

कबड्डी. खांब नाहीत.