गोविंदगडचा मोहन

जबलपूरच्या मराठी माणसास नर्मदा आहे, भेडाघाटचे संगमरवरी खडक आहेत, मदनमहाल आहे. पण नाव घेण्याजोगे प्राणिसंग्रहालय मात्र त्याच्या वाट्यास कधी आले नाही. शंभर मैलांवर कान्हाचे अरण्य आहे हे खरे. परंतु अरण्यात वाघ दिसेलच असा भरवसा कोणी देत नाही, आणि मुलांस तर भरवसाच हवा असतो. त्यामुळे आवडता प्राणी डोळे भरून पाहावयाचा म्हणजे आम्हां जबलपूरकरांस प्रवास हा चुकत नसे. आमच्या आजोबांच्या काळी तो प्रवास नागपूरचा असे. छोट्या गाडीने नैनपूरवरून गोंदिया गाठावयाचे, तेथून मोठी गाडी पकडून नागपूर, आणि नातेवाइकांकडे सामान टाकताच महाराजबाग. भोसल्यांच्या त्या बागेत इंग्रजी अमदानीत पिंजरे उभे राहिले होते. पुढे १९५६ साली राज्यांची नवी मांडणी झाली, नागपूर आमच्यापासून तुटले, राजधानी भोपाळास गेली, आमच्या पदरात हायकोर्ट पडले. कोर्टात पाहण्यासारखे प्राणी नसतात असे मात्र आमच्या आजोबांपुढे कोणी म्हणू नये. ते वकिलाकडे कारकून होते.

प्राणी बाळगण्याची व ते चार लोकांस दाखविण्याची हौस आपल्याकडे साहेबाबरोबर आली, असा एक समज आहे. तो खरा नव्हे. सवाई माधवराव पेशव्यांचा शिकारखाना पर्वतीच्या पायथ्याशी होता, आणि त्यात गेंडाही होता. पुण्याचे गंगाराम तांबट यांनी नोव्हेंबर १७९० मध्ये त्या गेंड्याचे चित्र काढले. इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट याच्यासाठी ते काम करीत, म्हणून त्यांची चित्रे मॅलेटच्या संग्रहातून विलायतेस गेली व पुढे अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या कलासंग्रहात जाऊन पोहोचली. त्या वर्षी पेशव्यांचे वय अवघे सोळा. कारभार नानांच्या हाती; आणि आयुष्य पुढे पाचच वर्षांचे उरलेले. स्वतः वाड्याच्या भिंतींत वाढलेला तो पोरगा गेंड्यापुढे उभा राहून काय पाहत असेल, हा प्रश्न आमच्या मनात पुष्कळदा येतो. इतिहासकार त्याचे उत्तर देत नाहीत, कारण आनंदाची नोंद दफ्तरात होत नाही; वैरणीच्या खर्चाची होते.

मुंबईची राणीची बाग १८६२ सालची. तिजविषयी येथे लिहिण्याचे कारण नाही; मराठी मुलांच्या तीन-चार पिढ्यांस ती तोंडपाठ आहे. १९५१ साली मुंबईत चर्नी रोडजवळ तारापोरवाला मत्स्यालय उघडले आणि समुद्राकाठी राहूनही ज्यांनी जिवंत मासा कोळणीच्या पाटीपलीकडे पाहिला नव्हता, त्यांस तो काचेआड पोहताना दिसू लागला. त्याच वर्षी, आमच्या जबलपूरच्या ईशान्येस, विंध्याच्या रानात एक घटना घडली. मुंबईत तिचा गवगवा मत्स्यालयाइतका झाला नसेल, पण जगातील प्राणिसंग्रहालयांचा इतिहास तिने पालटला. ती सांगावी म्हणून हा लेखप्रपंच.

रीवा संस्थान त्या वेळी विलीन होऊन विंध्य प्रदेशात गेले होते, परंतु महाराजा मार्तंडसिंह यांचा शिकारीचा रिवाज चालू होता. २७ मे १९५१ रोजी आजच्या सीधी जिल्ह्यातील जंगलात हाका झाला. एक वाघीण व तिची सुमारे नऊ महिन्यांची पिले हाक्यात सापडली. त्यांतले एक पिलू पांढरे होते. वाघीण व पिवळी पिले बंदुकीस बळी पडली; पांढरे पिलू तेवढे निसटून दडून बसले. मे महिन्यातील विंध्याचे ऊन आम्हांस ठाऊक आहे. आई मेलेली, भोवती माणसांचा गराडा, आणि घशाला कोरड. पिंजऱ्यात मांस ठेवून नव्हे, तर पाणी ठेवून त्यास पकडले. महाराजांनी त्याचे नाव मोहन ठेविले आणि गोविंदगडच्या राजवाड्यात त्यास नेले.

पांढरा वाघ रीव्यास अगदीच अपूर्व नव्हता. १९१५ साली त्याच दरबारात असा एक पकडून आणला होता. तो काही वर्षे जगला व मेल्यावर पेंढा भरून बादशहा पंचम जॉर्ज यास नजर करण्यात आला. लंडनमध्ये तर १८२० साली एक पांढरा वाघ तिकीट लावून दाखविला गेला होता. परंतु ते सारे एकटे जगले व एकटेच गेले. मार्तंडसिंहांच्या मनात निराळे होते. त्यांस मोहनची प्रजा हवी होती.

बेगम नावाच्या पिवळ्या वाघिणीशी मोहनची जोडी लावण्यात आली. तीन वेतांत मिळून दहा पिले झाली आणि दहाही पिवळी निघाली. महाराज निराश झाले असणार. आज शाळेतील मुलगाही याचे कारण सांगेल: पांढरा रंग हा दबून राहणारा गुण आहे, आई व बाप या दोघांकडूनही तो आला तरच अंगावर उमटतो. बेगमकडे तो नव्हता. मात्र तिच्या प्रत्येक पिलात मोहनकडून आलेला तो गुण लपून बसला होता. तेव्हा मोहनची जोडी त्याच्याच राधा नावाच्या मुलीशी लावण्यात आली. हिशेबाप्रमाणे निम्मी पिले पांढरी व्हावयाची. प्रत्यक्षात ३० ऑक्टोबर १९५८ रोजी राधेस चार पिले झाली ती चारही पांढरी. राजा, राणी, मोहिनी आणि सुकेशी.

येथून पुढचा इतिहास आम्ही कारकुनांनी विशेष आवडीने वाचावा असा आहे, कारण तो फाइलींचा आहे. राजवाडा वाघांनी भरून गेला. एकेका वाघाचे रोजचे मांस परवडेना. महाराजांस पिले विकावयाची होती. सरकारचे म्हणणे असे की, ही देशाची दौलत, ती परदेशी जाऊ नये. टिपणे लिहिली गेली असतील, शेरे पडले असतील, एखादा कागद कोणाच्या तरी मेजावर महिनोन्महिने पडून राहिला असेल. ती कामे कशी चालतात हे आम्हांस कोणी सांगावयास नको. अखेर मोहिनीपुरती परवानगी मिळाली. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय प्राणिसंग्रहालयाचे संचालक थिओडोर रीड स्वतः हिंदुस्थानात आले. जॉन क्लूगे नावाच्या धनिकाने दहा हजार डॉलर मोजून मोहिनी अमेरिकेच्या मुलांसाठी विकत घेतली, आणि ५ डिसेंबर १९६० रोजी व्हाइट हाउसच्या आवारात ती अध्यक्ष आयझेनहॉवर यांच्यापुढे सादर झाली. राजा आणि राणी दिल्लीच्या नव्या प्राणिसंग्रहालयात गेली. ते १९५९ सालीच उघडले होते. कलकत्त्यास काही गेली, १९६३ साली एक जोडी इंग्लंडात ब्रिस्टल येथे गेली. रीव्याच्या रानातील एका तहानलेल्या पिलाचे वंशज तीन खंडांत पसरले.

मोहन मात्र गोविंदगडीच राहिला. त्याविषयी रीव्यात पुष्कळ गोष्टी सांगतात. रविवारी तो मांसास तोंड लावीत नसे, केवळ दूध घेई, ही त्यांतली विशेष प्रसिद्ध. राजवाड्यातील नोकर त्यास मोहनसिंग म्हणत, असेही सांगतात. डिसेंबर १९६९ मध्ये तो वारला. त्यानंतर त्याच्या वंशातील वाघ गोविंदगडास काही वर्षे होते. शेवटचा विराट १९७६ साली गेला, आणि ज्या भूमीने जगास पांढरा वाघ दिला तेथे एकही पांढरा वाघ उरला नाही.

आमच्या वडिलांनी मोहनला पाहिले होते. १९६६ साली, वयाच्या दहाव्या वर्षी, ते आजोबांबरोबर रीव्यास एका ओळखीच्या गृहस्थांकडे गेले असता त्या गृहस्थांनी गोविंदगडची परवानगी काढली होती. आमच्या घरात ही कथा इतक्या वेळा सांगितली गेली आहे की, ती आम्हीच पाहिली असे वाटावे. मोहन त्या वेळी म्हातारा झालेला होता. पांढरा म्हणजे चुन्यासारखा नव्हे, सायीसारखा. पट्टे काळे नव्हेत, राखाडी. नाक गुलाबी आणि डोळे निळे. तो सावलीस पडून होता. एकदा त्याने मान उचलली आणि वडिलांकडे पाहिले. बस्स, एवढेच. “त्यानं माझ्याकडंच पाहिलं,” हे वाक्य सत्तरी गाठलेला गृहस्थ अजूनही दहा वर्षांच्या मुलाच्या आवाजात उच्चारतो. वडिलांच्या आयुष्यात सुखाचे प्रसंग थोडे आले असे नव्हे. परंतु इतक्या निर्भेळ सुखाचा दुसरा प्रसंग त्यांच्या तोंडून आम्ही ऐकलेला नाही.

आणि येथेच आमची पंचाईत होते. कारण मोहनच्या वंशाचा पुढील इतिहास आम्ही वाचलेला आहे. पांढरा रंग टिकवावयाचा म्हणजे सख्ख्या नात्यांतच जोड्या लावावयाच्या, हा राधेपासून पडलेला पायंडा पुढे सर्वत्र चालू राहिला. वॉशिंग्टनात मोहिनीची जोडी तिच्याच रमण नावाच्या मुलाशी लावली गेली. अशा वंशात पिले दुबळी होतात, व्यंगे निघतात, पुष्कळ पिले लहानपणीच दगावतात. अनेक पांढऱ्या वाघांचे डोळे तिरळे असतात. त्याचे कारण मात्र नात्यातील जोड्या नसून रंगाचाच दोष आहे, त्यापायी डोळ्यांकडून मेंदूकडे जाणाऱ्या तंतूंची वाट चुकते. २०१३ साली चिनी शास्त्रज्ञांनी दाखवून दिले की, पांढरा वाघ ही निराळी जात नव्हे. एका जनुकातील एका लहानशा फरकाने पिवळा रंग तेवढा नाहीसा होतो. अमेरिकेतील प्राणिसंग्रहालयांच्या संघटनेने २०११ सालीच आपल्या सभासदांस पांढरे वाघ मुद्दाम पैदा करण्याची मनाई केली. अरण्यातील वाघांच्या रक्षणास पांढऱ्या वाघाचा उपयोग नाही, असे जाणकार म्हणतात. त्याचा उपयोग एकच: लोक त्यास पाहावयास येतात.

हे सारे आम्ही वडिलांस सांगितले नव्हते. सांगून काय साधणार होते, असे एकदा वाटे. आणि न सांगणे म्हणजे लबाडी, असे दुसऱ्यांदा वाटे.

नोव्हेंबर २०१५ मध्ये भोपाळच्या वनविहारातून विंध्या नावाची पांढरी वाघीण रीव्यानजीक मुकुंदपूर येथे आणण्यात आली, आणि ३ एप्रिल २०१६ रोजी मार्तंडसिंहांच्याच नावाचे प्राणिसंग्रहालय व पांढऱ्या वाघांचे मोकळे रान तेथे खुले झाले. एकोणचाळीस वर्षांनी पांढरा वाघ घरी परतला, असे लोक म्हणू लागले. वडिलांचा आग्रह तेव्हापासून होता. आमच्या कचेरीची रजा, कन्येची शाळा आणि वडिलांचे गुडघे या तिहींचा मेळ बसावयास मध्ये काही वर्षे गेली. अखेर एका हिवाळ्यात आम्ही चौघे सिहोरा, कटनी, मैहर या वाटेने निघालो. मैहरास शारदादेवीच्या पायऱ्या वडिलांनी खालूनच हात जोडून टाळल्या. गुडघे वाघासाठी राखून ठेवावयाचे होते.

मुकुंदपुरात आम्हांस वाघ दिसला. झुडुपाआडून तो निवांतपणे बाहेर आला, कुंपणाच्या बाजूने चालत गेला आणि गाडीपासून थोड्या अंतरावर थांबला. गाडीतील सर्व मंडळी एकदम गप्प झाली. आम्ही इतके वाचून, इतके जाणून गेलो होतो. तरीही त्या क्षणी अंगावर काटा आला, आणि तो केवळ आनंदाचा होता, हे लपविण्यात अर्थ नाही. कन्येने आमचा हात घट्ट धरला होता. वडील काही बोलले नाहीत. त्यांचे डोळे भरून आले होते, म्हणून आम्ही दुसरीकडे पाहू लागलो.

वाघ दिसेनासा झाल्यावर कन्येने विचारले, “आजोबा, मोहनला पकडलं तेव्हा त्याची आई कुठं होती?”

सात वर्षांच्या मुलीस मोहनची कथा आजोबांकडूनच ठाऊक होती, आणि त्या कथेत आई कधी आलेली नव्हती. वडिलांनी आमच्याकडे पाहिले. आम्ही काही सांगावयाच्या आत ते म्हणाले, “तिला मारलं होतं, बेटा. त्याच दिवशी. भावंडांनाही.”

म्हणजे त्यांस ते ठाऊक होते. किती वर्षांपासून, ते आम्ही विचारले नाही. कन्या थोडा वेळ विचारात पडली, मग म्हणाली, “मग तो तुमच्याकडं कसा बघत होता? रागानं?”

“नाही,” वडील म्हणाले. “राग दिसला नाही मला. पण मी तेव्हा दहा वर्षांचा होतो.”

परतीच्या वाटेवर ती दोघे मागच्या आसनावर बसून मोहनबद्दल बोलत होती. गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सांगितली जात होती, आणि या वेळी ती हाक्यापासून सुरू झाली. गोविंदगड तेथून फार दूर नव्हते. राजवाडा पाहावा असे वडिलांच्या मनात होते, पण दिवस मावळत आला होता व दुसऱ्या दिवशी आमची कचेरी होती, म्हणून ते राहून गेले. होळीच्या सुटीत पुन्हा निघण्याचे ठरले आहे.